पुसलेल्या तोंडाची माती

प्रिय सोमलाकाका,

काल तुमच्या तांड्यावर जाऊन आलो. तुमची माफी मागायला गेलो होतो, अन् तुम्ही नव्हते. पोळा झाला अन् चार दिवसांनी बुढा गेला, असं काकी म्हणाली. म्हणजे मी दोन महिने उशिरा पोचलो. खरं म्हणजे तीन वर्षं उशिरा. दिग्रसच्या एस.टी.त बसून वाटभर जी वाक्यं जुळवली होती, ती तशीच्या तशी परत घेऊन आलो. ती आता कुठं ठेवू? म्हणून हे पत्र. वाचता तर तुम्हाला जिवंतपणीही येत नव्हतं. बागेतल्या पाट्या दाखवून तुम्ही म्हणायचे, "बाबू, तू वाच, मी आयकतो." आजही तसंच समजा. मी मोठ्यानं वाचतो आहे.

पहिला दिवस आठवतो का? यवतमाळच्या बागेत आठ दिवसांचं कलेचं प्रदर्शन भरणार होतं. बागेला भिंती नाहीत, म्हणून कडुनिंबांच्या मधे दोऱ्या बांधून चित्रं टांगली होती, धुणं वाळत घातल्यासारखी. तुमच्या तांड्यावरच्या बायांचे आरशांचे कशिदे फाटकाच्या कमानीवर लावले होते. अन् मातीच्या मूर्तींसाठी विटांचे ओटे. ड्रॉइंग मास्तर धावत होते, ओरडत होते, "आठ दिवस टिकलं पाहिजे! मग खुशाल मोडा!" झाडांना पाणी घालता घालता तुम्ही झारी खाली ठेवली अन् विचारलं, "मोडाचंच हाय त बनवता कायले?" सगळे हसले. मास्तरही हसले. 

माझ्या मातीच्या बाईला पाणी घालायचं काम तुमच्याकडं आलं. कापूस वेचता वेचता कंबर सरळ करायला उभी राहिलेली बाई, पोटाशी ओटी बांधलेली, एक हात कमरेवर. आत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अन् तणस, वरून तळ्याची माती, तिच्यात कापूस कुटून घातलेला. कच्ची माती ती. दिवसभराच्या उन्हानं भेगा पडू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ शिंपडावं लागायचं अन् रात्री ओलं पोतं पांघरावं लागायचं. तुम्ही तिला याडी म्हणायचे. तुमच्या बोलीत आई. मी उशिरा आलो की रागावायचे, "बाबू, याडीले तहान लागली अन् तू चहा पिऊन राह्यला!"

माती तळ्याची होती, पऱ्हाट्या आमच्या घाटंजीकडच्या वावरातल्या. तोंड मात्र मी कोणाला न विचारता घेतलं होतं.

तुम्हाला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? शकू मैत्रिणींबरोबर बागेत आली, मूर्तीसमोर थांबली अन् पांढरी पडली. तुम्ही एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा याडीकडं, अन् झारी भरायला निघून गेले.

मी अमरावतीचं कॉलेज मधेच सोडलं ते घरी सांगितलं की प्रोफेसराशी भांडलो म्हणून. भांडलो होतोच. कोणाशी भांडत नव्हतो मी तेव्हा! पण खरं कारण एवढंच की मी अमरावतीत होतो अन् कचेरीतल्या कारकुनांची शकू यवतमाळात, मास्तरीणबाई व्हायला शिकत होती. उभ्या जन्मात तिच्याशी दहा वाक्यं बोललो असेन. त्या दहा वाक्यांवर मी अख्खी बाई उभी केली, भर बागेत, चार रस्त्यांच्या मधे! मला वाटलं, ती खूश होईल. माझं मन तिला कळवायचं राहिलं होतं, ते माती कळवेल. असा गाढवपणा!

तिसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला ओळख पटली. पोरं ओट्यापुढं उभी राहून शिट्ट्या मारायची. एकानं तर मूर्तीच्या गालावरून हात फिरवला. तुम्ही झारीचं पाणी त्याच्या पायजम्यावर ओतलं अन् म्हणाले, "माफ करजा, हात कापते म्हाताऱ्याचा." मी पोट धरून हसलो होतो. हसण्यासारखं काय होतं त्यात, काका? तेव्हाच तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबू, जिचं तोंड हाय तिले इचारलं का तू?" मी काय म्हणालो? "तुम्ही पाणी घाला. कलेतलं तुम्हाले काय समजते!"

मग ती पाचवी सकाळ.

मी आलो तेव्हा पाच-पन्नास माणसं जमली होती. याडी उभी होती. ओटी जागेवर, कमरेवरचा हात जागेवर. तोंड नव्हतं. नाक, डोळे, ओठ, काहीच नाही. पाटी पुसावी तसं सपाट, ओलं, चकचकीत. अन् तुम्ही ओट्याच्या पायरीशी बसलेले, कोपरापर्यंत चिखल.

"कोणी केलं?"

"म्या."

"काहून?"

"पानी जास्त झालं, बाबू. हाताकून घसरलं."

पाण्यानं असं तोंड जात नाही हे पोराटोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. माझ्या डोक्यात आग. तुमच्या वयाच्या माणसाला मी दंडाला धरून उभं केलं, अन् तुमच्या डोक्यावर हात मारला. पागोटं खाली पडलं. चिखलात पडलं, त्याच पाण्यात. तुमचे पांढरे विरळ केस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. अख्ख्या बागेनं पाहिले. तुम्ही वाकून पागोटं उचललं, झटकलं नाही, तसंच ओलं डोक्यावर ठेवलं. अन् म्हणाले काय? "बाबू, बाकीची याडी सुकून राह्यली. तिले पानी घाल."

काका, स्वतःसाठी एक शब्द का बोलले नाही तुम्ही? शिवी तरी द्यायची होती! एक झापड मारली असती तर मी आज एवढा तळमळलो नसतो. हा राग आहे माझा तुमच्यावर. सांगून टाकतो.

बागेवरच्या साहेबांकडं तक्रार घेऊन मीच गेलो. रोजंदारीचा माणूस तुम्ही, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "उद्यापासून येऊ नको." तुम्ही झारी कडुनिंबाच्या बुंध्याला उपडी टेकवली अन् फाटकाबाहेर पडले. कशिद्यातल्या त्या आरशांत तुमचं पागोटं तुकड्या-तुकड्यानं जाताना दिसलं. राहिलेले तीन दिवस याडी बिनतोंडाची उभी राहिली. पाणी घातलं नाही मी. नवव्या दिवशी बाया पऱ्हाट्या काढून चुलीसाठी घेऊन गेल्या.

ती मोडली असं मला तेव्हा वाटलं. कुठली मोडते! वेचणीच्या दिवसांत वावरात गेलो की कापसाच्या ओळीच्या टोकाची एखादी बाई कंबर सरळ करायला उभी राहते, कमरेवर हात ठेवते, अन् मी मान फिरवतो. ती इकडं वळली अन् तोंड नसलं तर? आई अंगणात सडा टाकते, तो आवाज ऐकून मी भर दुपारी दचकतो. कोणीतरी शिंपडत असतं. कोणीतरी म्हणत असतं, तहान लागली. सगळी माझीच करणी, अन् मीच कानावर हात ठेवतो.

गेल्या महिन्यात शकू भेटली. घाटंजीच्या बाजारात, कडेवर लेकरू. आता ती तिथल्याच शाळेत शिकवते. मी नजर चुकवून निघालो होतो, तिनंच हाक मारली. म्हणाली, "माळीकाका कसे आहेत?" मी म्हटलं, "त्याचं नाव काढू नको. त्यानंच माझी मूर्ती—"

"मूर्ती मी मोडायले गेलती," ती म्हणाली. "खलबत्त्याचा बत्ता घेऊन गेलती, पाहाटे. माझ्या मायले नळावर बाया म्हणत, तुमची शकू तर दिवस-रात्र बागेत उभी राह्यते म्हणे! बाबा जेवत नव्हते. काकानं बत्ता माझ्या हातातून घेतला. म्हणाले, पोरी, मोडू नको, आवाज होईल, लोक जमतील, मग तुह्यंच नाव होईल. तू घरी जाय. तुह्यं तोंड मी पुसून देतो."

मी बाजारात उभाच राहिलो. कोणीतरी मिरच्यांचं पोतं खांद्याला घासून गेलं.

"तू कोणाले सांगू नको," शकू म्हणाली. "माझ्या सासरी कोणाले माहीत नाही. काकानं सांगतलं नाही इतक्या वर्षांत. तू सांगशील काय?"

ती मला एकही वाईट शब्द बोलली नाही. लेकराचं नाक पुसलं अन् गेली.

म्हणून तांड्यावर आलो, काका. काकीनं विचारलं, "तू कोन?" मी नाव सांगितलं.  "तोच का तू?" मग आत जाऊन पाणी घेऊन आली. तांब्या मला घेववेना. ती म्हणाली, "घे रे. बुढा म्हने, पोट्टं आगीचं हाय, पन हात चांगले हायेत."

अन् मग तिनं छपराच्या वाशातून एक फडकं काढलं. आत मातीचं ढेकूळ, मुठीएवढं, वाळून दगड झालेलं. त्यातून कापसाचे तंतू बाहेर आलेले. मी ओळखलं. माझीच माती. काकी म्हणाली, "यवतमाळातून हेच घेऊन आला. म्हने, कोन्या पोरीचं तोंड हाय, कोनाचा पाय पडला नाही पाहिजे. कोनाची पोरगी, ते मलेबी सांगतलं नाही."

तिनंच आणखी एक सांगितलं, तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता. तुमचा रतन गेल्या आठवड्यात बागेत काम मागायला गेला होता. यंदा पुन्हा प्रदर्शन भरतं आहे, माणसं हवी आहेत. त्याला म्हणाले, "बापानं मूर्ती खाल्ली, तू काय झाडं खाशील?" अन् हसले म्हणे सगळे.

ते हसणं माझं आहे, काका. मीच पेरलं.

आता मी काय करू? तुमच्यावरचा डाग पुसायचा तर खरं सांगायला हवं. खरं सांगितलं तर शकूचं नाव पुन्हा ओट्यावर चढतं, अन् ज्यासाठी तुम्ही चिखलातलं पागोटं डोक्यावर ठेवलं ते सगळं मातीत जातं. रात्रंदिवस हाच विचार. तुम्हाला विचारावं म्हटलं तर तुम्ही नाहीत.

मास्तरांनी यंदाही मूर्ती मागितली आहे. आज दुपारी काकीनं दिलेलं ते ढेकूळ पुढ्यात घेऊन बसलो. खोटं कशाला सांगू, पेल्यात पाणीही घेतलं होतं. भिजवलं तर त्यातून शकू निघेल असं वाटत होतं. मग वाटलं, तुम्हीच निघाल, पागोट्यासकट. तुमचं तोंड करावं अन् बागेत उभं करावं. अन् लगेच तुमचा आवाज आला, "इचारलं का तू?"

नाही विचारलं. अन् आता विचारताही येणार नाही.

तेव्हा ऐका. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी त्याच ओट्यावर उभा राहीन. मास्तर असतील, साहेब असतील, शिट्ट्या मारणारी पोरं असतील. मी सांगीन, तोंड मीच पुसलं होतं. माझं मलाच आवडलं नाही, रागाच्या भरात मीच पुसलं, अन् लोक जमले तेव्हा लाज वाटून एका म्हाताऱ्यावर ढकललं. सोमलाकाकाच्या हातून मातीचा कणही वाया गेला नव्हता. म्हणतील ते म्हणू देत. तुम्ही म्हणाल, बाबू, खोटं बोलून राह्यला. हो! "पानी जास्त झालं" हे काय होतं मग? एक तुम्ही बोलले, एक मला बोलू द्या. अन् आठ दिवस झारी रतनच्या हाती असेल, नाहीतर माझ्या. मूर्ती मी ठेवणार नाही. दुसऱ्यांच्या मूर्तींना पाणी घालीन.

ढेकूळ पुन्हा फडक्यात बांधलं आहे. आमच्याही छपराला वासे आहेत. वर ठेवीन, कोणाचा पाय पडणार नाही. कोरडंच राहील, वचन.

पेल्यातलं पाणी मी पिऊन टाकलं.

तुम्ही ज्याला आगीचं पोट्टं म्हणायचे,
तो तुमचा
बाबू