बॉक्सच्या बाहेर न पडलेला निरोप

दिघाशी,
५ फेब्रुवारी २०२४

चि. मृणाली हीस बाळामामाचे अ. आ. वि. वि.

फोनवर तू लगेच माफी मागशील आणि विचारायचं राहून जाईल, म्हणून पत्र. शुक्रवारी दुपारी तुळजामावशी मोरीत घसरून पडली. सरकत खाटेपर्यंत आली आणि तू आपल्या केबलसाठी केलेल्या टीव्हीवरच्या पानावरचं 'मदत हवी' हे लाल बटण तिने रिमोटवर दाबलं. टीव्हीवर उमटलं, 'निरोप पोहोचला'. म्हणून तिने शेजारी हाकही मारली नाही. संध्याकाळी दूधवाला दौलत आला तेव्हा कळलं. घोटा सुजलाय, हाड शाबूत आहे, देवाची कृपा.

माझ्या कंट्रोल रूममध्ये काहीच आलं नव्हतं. दिवाळीनंतर पान सुरू केलं, तेव्हापासून गावातून एकही निरोप नाही. मी समजलो, सगळे खुशाल आहेत. सुरुवातीला इथल्या सेट-टॉप बॉक्सवर दहादा दाबून पाहिलं होतं, दहाही वेळा निरोप आला. पान आता बंद ठेवलंय. चूक तुझी की माझी, ते सरळ सांग. आणि पुण्यात वेळेवर जेवत जा.

माया कमी होणार नाही, हे धरून लिही.
तुझा बाळामामा

पुणे,
९ फेब्रुवारी

ती. बाळामामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि डबा भरलेलाच परत आणला. चूक माझी. कंट्रोल रूमच्या बॉक्सला इंटरनेटची वायर आहे. गावातल्या बॉक्समध्ये चित्र आत येतं, बाहेर काही जात नाही. एकच पान सगळ्या कंपन्यांच्या बॉक्सवर चालावं म्हणून आम्ही पानं बनवणारे एका ठरलेल्या नियमावलीने काम करतो. पानाने आधी बॉक्सला विचारायचं, तुला परतीची वाट आहे का. नसेल तर निरोपाचं बटण दाखवायचं नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. घाईत मी ते विचारणंच गाळलं. 'पोहोचला' हे तर बॉक्स बटण दाबताक्षणी आपल्या मनाने दाखवत होता.

दुरुस्त केलेलं पान पाठवलंय. माझी हवी तेवढी टर उडवा, पण तुळजाआजींना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही.

रागावलात तरी आपलं म्हणत राहा.
आपली मृणाली

दिघाशी,
१४ फेब्रुवारी

चि. मृणालीस अ. आ.

नवं पान लावलं. गावात आता बटण दिसत नाही. टीव्हीवर पट्टी फिरवून कळवता आलं असतं. पण खोटं टीव्हीवरून सांगितलं होतं, खरं तोंडाने सांगावं म्हणून चाळीस घरं फिरलो. आळीतल्या विठूने विचारलं की क्रिकेटच्या वेळी चित्र गेलं तेव्हा त्याने वीस वेळा लाल बटण दाबलं, तेही वायाच गेलं का. सगळ्या आळीला हसू फुटलं.

मावशीकडे शेवटी गेलो. म्हटलं, पोरीची चूक थोडी, माझी जास्त. एका घरी जाऊन जरी बटण दाबलं असतं तरी कळलं असतं. लाल बटणाचं ती बोललीच नाही. तिने विचारलं, की मंग हिरवा पन तुला येत नव्हता का. त्याच पानावरचं 'मी बरी आहे' हे हिरवं बटण मी विसरूनच गेलो होतो. ती रोज सकाळी देवापुढे दिवा लावून ते दाबायची. शेजारणी विचारायच्या भाचा येत कसा न्हाय, तर सांगायची, की बाला रोज वाचतो हाय. आणि मी, निरोप नाही म्हणजे खुशाल, असं धरून ती पडेपर्यंत तिच्या उंबऱ्याला गेलो नव्हतो.

आज सकाळी गेलो. तिने दिवा लावला, आणि मी समोर बसलेला असताना माझ्याकडे वळून, माझं नाव घेऊन सांगितलं, की बरी हाय.

जेवलीस का, ते कळव.
तुझा बाळामामा