यंदाचं मिळमिळीत मीठ

३ मे

आली! दोन बॅगा, पुदिन्याची एक कुंडी आणि स्वतःची सुरी. स्वतःची सुरी!! जसं काही आमच्याकडे भाजी दातांनी तोडतात.

माझी धाकटी नणंद. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, सुट्टीभर आमच्याकडे राहणार म्हणे. मला हे आज सकाळी कळलं, चहाच्या वेळी. ह्यांना कधीपासून माहीत होतं ते कानांवरून दिसलंच. काही लपवलं की ह्यांचे कान लाल होतात. "सांगणार होतो गं." कधी? ती परत गेल्यावर?

तोंडावर "ये गं बाई, उन्हातून आलीस" म्हटलं, पाणी दिलं, पंखा मोठा केला. इथे मात्र मी तिला हेडबाई म्हणणार. निदान वहीत तरी खोटं हसायला नको.

४ मे

पहिला धडा झाला. "वहिनी, कोथिंबीर धुऊन नको ठेवूस, कोरड्या फडक्यात गुंडाळ, आठवडाभर टिकते." दुसरा धडा दुपारी. "भाताच्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकले की भात पांढराशुभ्र होतो."

मी ह्या घरात भात शिजवायला लागले तेव्हा ही परकर सावरत शाळेत जायची आणि डब्यातला अर्धा भात परत आणायची. आता मला लिंबाचे थेंब शिकवते!

५ मे

मीठ बदलून आणलं. हे तिसरं दुकान. हल्ली कशातच काही राहिलं नाही. मूठभर मीठ घाला, तरी रस्सा आपला मिळमिळीत. वाण्याला तसं स्पष्ट सांगितलं, तर तो म्हणतो, "ताई, मीठ ते मीठ. त्यात काय जुनं आणि नवं?" निर्लज्ज. बाकीची गिऱ्हाइकं हसली. हसोत.

खरबुजांचंही तेच. टोपलीतली चार उचलून नाकाशी लावली, एकाला वास असेल तर शपथ. पिकवतात कसली, रंगवत असतील. आणि हेडबाईंचा तो पुदिना! पान चुरून बघितलं. शुद्ध गवत! पण ती चहात टाकते आणि डोळे मिटून "आहाहा" करते. नाटकी आहे, लहानपणापासूनच.

७ मे

आज ती माझ्या पातेल्यात चमचा घालून चव बघणार होती. मी मनगटच धरलं.

ह्या घरात शिजत्या अन्नात चमचा घालून चाखायचं नाही. सासूबाईंची शिस्त. झाकण काढायचं, वाफ नाकावर घ्यायची, मीठ कमी की जास्त ते वाफेवर कळलं पाहिजे. चाखून स्वयंपाक कोणीही करेल, त्या म्हणायच्या. जेवायला बसलेल्यानंही बोलायचं नाही. पानात पडलं ते खायचं, मीठ मागायचं नाही. म्हणून आमच्या टेबलावर मिठाची बाटली कधी आलीच नाही. नवी नवरी होते तेव्हा मी वाफेनं डोळे लाल करून घेतले, पण शिकले. सासूबाई शेवटच्या आजारपणात म्हणाल्या होत्या, "हिच्या नाकाची सर माझ्या लेकीच्या नाकाला यायची नाही." तेव्हा लेक तिथेच उभी होती. तेच खुपतंय तिला इतकी वर्षं.

मनगट सोडवून घेत म्हणाली, "आईचे नियम आईबरोबर गेले, वहिनी."

गेले? मी आहे ना अजून!

९ मे

आज चांगलं लिहिते, नाहीतर ही वही कडू व्हायची.

दुपारी मागच्या पायरीवर बसले, बादलीभर गार पाण्यात पाय सोडून. काकडी उभी चिरलेली, ओला पंचा डोक्यावर. असं सुख नाही. उन्हाळा असाच काढावा. माठाला ओलं फडकं गुंडाळावं, खिडक्या सकाळीच लावून घ्याव्यात, दुपारी चूल पेटवू नये. हे मला कोणी हेडबाईंनी शिकवलेलं नाही.

माझं लिंबाचं सरबत तर यंदा असं उठतंय! मोठा जग भरून ठेवते, जेवण आटपेपर्यंत रिकामा. हे तर पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवतात आणि वर अर्धं कलिंगड. मुलगी येते ती हल्ली जेवायला थांबतच नाही, "आई, भूक नाही, फक्त सरबत दे." ऊनच तसं आहे. मलाही तोंडाला चव नाही. मार्चमधल्या त्या तापानं नाक आठ दिवस चोंदलं होतं, तेव्हापासून जेवण म्हणजे नुसतं चावायचं काम. उन्हाळा सरला की येईल भूक.

१२ मे

रस्सा उकळत होता. हेडबाई शेजारी येऊन उभ्या. गोड आवाजात. गोड आवाज म्हणजे शाळेत मुलीच्या आईला बोलावून घेतल्यावरचा असणार.

"वहिनी, मीठ जास्त झालं ना, की कच्चा बटाटा सोलून टाकायचा. ओढून घेतो."

"कुणाचं जास्त झालंय?"

"नाही गं, असंच सांगितलं."

असंच! माझ्या रश्शाकडे बघत असंच! मी बटाटा घेतला, तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या घरी टाक." ती बटाटा हातात धरून बाहेर गेली. जेवताना ह्यांनी मान वर केली नाही. रस्सा मात्र पुसून खाल्ला, नेहमीसारखा.

१३ मे

बोलणं बंद. घर कसं शांत आहे!

१६ मे

ह्यांचं प्रेशर वाढलंय. पावलं सुजलीत, चपलेचा पट्टा बसत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मीठ बंद, अगदी बंद म्हणाले. मी विचारलं, "अहो, असं एकाएकी कशानं?" तर हे म्हणाले, "वय." आणि कान लाल!

वय नाही. बहीण. घरात चोवीस तास इन्स्पेक्शन चालू असेल तर कुणाचंही प्रेशर वाढेल. ह्यांच्यापुरतं आता बिनमिठाचं वेगळं काढते. तर हेडबाई म्हणतात, "दादाचं मी करते." बरं! दादाही कसा चटकन "हो, हो, करू दे तिला" म्हणाला. इतक्या चटकन लग्नाला सुद्धा हो म्हणाला नव्हता.

१८ मे

आता कळलं ती कशासाठी आली आहे.

दरवर्षी ह्याच दिवसांत ह्यांचे दोघे भाऊ, बायका, मुलं, नातवंडं आमच्या मागच्या अंगणात जेवायला येतात. सासूबाई गेल्यापासून ते जेवण माझं. भाज्यांचा रस्सा, भात, काकडी, कलिंगड. साधंच. पण वर्षभर लोक त्याचं नाव काढतात. मला माहेर उरलं नाही, नोकरी कधी केली नाही. ह्या जगात मला येतं असं एवढंच एक आहे.

आज हे भिंतीकडे बघत म्हणाले, "यंदा रस्सा तिला करू दे. तू दमतेस."

मी दमते? मी! हातातली परात आपटली. "ज्या दिवशी त्या पातेल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागेल ना, त्या दिवशी मला ह्या घरात जेवायला वाढू नका." दाराआड हेडबाई ऐकत उभ्या. उद्या स्वयंपाकघर गेलं तर परवा मी कोण? कोपऱ्यात बसवलेली म्हातारी. "तुम्ही बसा हो, आम्ही करतो." सासूबाईंना मीच तसं म्हणाले होते ना शेवटी. त्या नंतर फार बोलल्याच नाहीत.

रस्सा मीच करणार.

२२ मे

जिंकले!!

पहाटेच पातेलं चढवलं. गाजर, वाटाणा, बटाटा, सगळं माझ्या हातचं. वाफ घेतली. मीठ जरा कमीच वाटलं, दोनदा घातलं. दहापर्यंत तयार. हेडबाई आज लोण्यासारखी मऊ. "वहिनी, आता जरा पड. पाहुणे यायला वेळ आहे. मी बघते झाकपाक." हरल्यावर माणूस असंच नरम येतं. मी खोली लावून पडले, चक्क डोळा लागला.

आणि मग अंगणात काय सांगू! धाकटे दीर दोनदा घेऊन तिसऱ्यांदा वाटी पुढे. त्यांची सून म्हणाली, "काकू, कसं करता सांगा ना." सगळ्यांनी पातेलं निपटून खाल्लं. मोठ्या जाऊबाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं, माझा हात धरून बसल्या. मी उभ्या उभ्या शेवटी चार घास घेतले. एकच खटकलं. गाजरं गोल कापलेली. मी लांब कापते. पण पहाटेच्या घाईत झाली असतील.

हेडबाईंकडे मी एकदाच बघितलं. ती खाली बघत काकडीची सालं गोळा करत होती. बघ म्हटलं. बघ, कुणाचं नाक ते.

२३ मे

दिवसभर गुणगुणत होते. हे म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी." असू दे.

२४ मे

मागच्या कुंपणाशी टोमॅटोची रोपं मी लावली आहेत. आज पाणी घालायला गेले तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. मुळाशी माती ओली, चिकट, आणि त्यात वाटाणे. गाजराच्या लांब फोडी! माझ्या फोडी! शेजारणीचं मांजर, जे कचऱ्यातलंही सोडत नाही, त्यानं हुंगून पाठ फिरवली.

माझा रस्सा. अख्खं पातेलं. ओतून दिलेला!

मी घरात शिरले ती ओरडतच. हेडबाईंनी लपवालपवी केली नाही. हो, ओतला. मी झोपले असताना शेजारणीच्या चुलीवर दुसरा केला. हो, सगळ्यांना माहीत होतं. दिरांना, जावांना, पोरासोरांनासुद्धा! सगळे मिळून माझं कौतुक करत होते, जसं लहान मुलानं काढलेल्या चित्राचं करतात.

"वहिनी, तोंडात घेववत नव्हता गं. नुसतं मीठ."

"खोटं! मी रोज तेच खाते ना? मला कसं लागत नाही?"

"तेच तर विचारतेय मी, तुला कसं लागत नाही?"

मग हे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत. "तुझ्या त्या तापापासून चाललंय. मीच बोलावलं हिला. मला सांगवेना." पाय पुढे पसरलेले, अजून सुजलेले. रोज पुसून खात होता हा माणूस! मला त्याची दया आली नाही. संताप आला. एवढंही सांगता येत नाही? मी काय वाघ आहे?

सगळे मिळून मला वेडी ठरवताहेत. नाक माझं आहे. ती मीठ वाढवून सांगतेय, हे तिला सामील आहेत. उद्या सकाळी तोंडावर सांगणार आहे, टॅक्सी बोलाव, बॅगा भर, सुरी विसरू नकोस.

२५ मे

सगळ्यांच्या आधी उठले. रात्री रागानं जेवले नव्हते, म्हणून खरबूज चिरलं. वरच्या खोलीतून हेडबाई ओरडली, "वहिनी, खरबूज कापलंस? काय घमघमाट सुटलाय!"

फोड नाकाशी धरली. काही नाही. मग कांदा. मग कॉफीचा डबा, त्यात अख्खं नाक घालून. मग मीठ, चिमूटभर, जिभेवर. वाळू.

ती खाली आली, दारातच उभी राहिली. टॅक्सीचं काही बोलले नाही. आमच्या दोघींचा भात मी चढवला होता, मीठ घालून. चमच्यावर घेतला, फुंकर घातली आणि तिच्यापुढे धरला. "चव बघून सांग," म्हटलं.