आईंची लुगडी आणि पाहुण्यांचा दिवाण

२४ सप्टेंबर, बुधवार

मोजली! आतली खोली टेप लावून मोजली, आडवी आणि उभी. खोली माझी म्हणायची, पण अर्ध्याहून जास्त दिवाणाने खाल्लेली. मशीन कोपऱ्यात, मशीन आणि भिंतीच्या मध्ये मी, आणि सगळं कापड माझ्या मांडीवर. अशा अवस्थेत मी लोकांच्या गोधड्या शिवतेय. आता बास.

शेखरला सांगितलं (समोर 'अहो', पण वहीत तरी एकेरी!) की दिवाण काढायचा. पेपर खाली न करता म्हणाला, "पाहुणे आले तर झोपतील कुठे?"

कोण पाहुणे? लॉज चालवतो का आपण! शेवटचे पाहुणे करोनाच्या आधी आले होते. त्यांची दिवाणावर पाठ धरली आणि बिचारे बाहेर सोफ्यावर जाऊन झोपले. तरी त्या दिवाणाच्या पोटात पाहुण्यांच्या चादरी, पाहुण्यांच्या उशा, पाहुण्यांची ब्लँकेटं. डांबरगोळ्यांच्या वासात मुरलेली.

या वेळी मात्र मी मागे हटणार नाही. माझ्या नणंदेने, उज्वलाने, वणीहून आईंची लुगडी पाठवलीत. गुलाबी चादरीत बांधलेलं गाठोडं. फोनवर म्हणाली, "वहिनी, दोन गोधड्या कर. एक दादाला, एक मला. भाऊबीजेला येते तवा माझी घेऊन जाईन." सासूबाईंना जाऊन आता वर्ष होईल. मी गाठोडं वरून जरासं उघडलं, चंद्रकळेचा काळा पदर दिसला, आणि परत बांधून टाकलं. आधी खोली, मग त्या लुगड्यांना कात्री. आईंच्या कापडाला कोंदट कोपऱ्यात बसून हात लावायचा नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

तह झाला. दिवाण राहील, पण भिंतीला टेकून. मशीन खिडकीशी.

उजेड काय सुंदर येतो! खालच्या मजल्यावरच्या वेदिकाच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटं घेतलंय, त्याची कड एका बैठकीत संपवली. पण मोठी गोधडी मशीनवर घेतली की तिचं ओझं डावीकडे दिवाणावर घसरतं. दिवाण बुटका, मशीन उंच. कापड ओढलं जातं, टाका वाकडा पडतो. आज दोन सुया मोडल्या. डावीकडे मशीनच्याच उंचीचं मोठं टेबल हवं. म्हणजे दिवाण हवा बाहेर!

म्हटलं तसं. "पाहुणे—" म्हणाला. मी मशीनची मोटर चालू केली.

२ ऑक्टोबर, दसरा

मशीन, कात्री, टेप, सुयांची डबी पाटावर मांडून पूजा केली. शेखर आला आणि गुपचूप आपला व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचा, शेजारी ठेवून गेला. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण दसऱ्याला व्हर्नियर बाहेर निघतोच. माझ्या कात्रीशेजारी बरा दिसत होता. झेंडूचं फूल दोघांनाही वाहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची साफसफाई सुरू. माळा झाला. पाठ गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू!

दुपारी वेदिकाचं दुपटं द्यायला खाली गेले. जाताना शेखरला म्हणाले, "दिवाणावर जुन्या कपड्यांचा ढीग केलाय, बोहारीण आली तर देऊन टाका." वेदिकाने दुपटं पोटावरच पसरून बघितलं, चहा पाजला, मी हवेत तरंगत वर आले. ओट्यावर नवाकोरा स्टीलचा डबा. शेखर शेजारी उभा, छाती फुगवून. "बघ! झाकण बसत नव्हतं, बदलून घेतलं. मला फसवणार होती."

खोलीत गेले. दिवाण साफ. ढीग नाही. ढिगामागे भिंतीशी ठेवलेलं गुलाबी गाठोडंही नाही.

"अहो, गाठोडं?"

"तेही दिलं की! त्याशिवाय का एवढा डबा मिळाला?"

"उघडून बघितलंत?"

"बघितलं. जुनी लुगडी होती."

"तुमच्या आईची होती ती!"

तो खाली बसला. दिवाणावरच. मला इतका राग आला होता की ओरडताही येईना. ज्या बाईच्या पदराला धरून हा माणूस मोठा झाला, तिची लुगडी दोन्ही हातांनी उचलून दिली आणि ओळखली नाहीत! आणि डब्याचं झाकण मात्र नीट तपासून घेतलं!

मग म्हणाला, "सुती जुनं कापड कुठे जातं माहितीये? कारखान्यात मशीन पुसायला."

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

सकाळपासून दोघं सोसायट्या पालथ्या घालतोय. बोहारीण दिसली का? डोक्यावर भांड्यांची पाटी? वॉचमन काळूने सांगितलं, "नवसाबाई ती. आता इकडं नाय यायची. बुधवारी गंगेवर, नदीकाठच्या बाजारात बसती."

संध्याकाळी उज्वलाचा फोन. "वहिनी, लुगडी कापली का गं?" मी म्हटलं, "कापडाचा अंदाज घेतेय. किती होती गं एकूण?" "असतील सहा-सात. का?" "काही नाही." खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. फोन ठेवला तर शेखर माझ्याकडे बघत होता, परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखा.

कोजागिरीचं दूध आटवायला ठेवलं, आईंच्या वेळच्या त्या जाड बुडाच्या पातेल्यात. त्यात दूध कधी करपत नाही. आज दूध चांगलं झालं, पण प्यायलं कोणी नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

सापडली! नवसाबाई सापडली!

गंगेवर घाटाजवळ, भाजीवाल्यांच्या पलीकडे, जुन्या कपड्यांच्या ढिगांची रांग. मी लांबूनच ओळखलं. बाईला नाही, आईंच्या डाळिंबी लुगड्याला! ढिगाच्या वर पसरलेलं, आणि एक गिऱ्हाईक बाई त्याचा काठ चाचपत होती. मी गर्दीतून अशी घुसले की शेखर मागेच राहिला. "ते माझं आहे!" गिऱ्हाईक बाई दचकून निघून गेली.

नवसाबाई शांत. "तुझं कसं? साहेबानं डबा घेतला ना?" शेखरला बघून हसली. "झाकण चांगलं बसलं का साहेब?"

डाळिंबी आणि हिरवं चौकटीचं तिथेच होतं. बाकीची घरी, दुसऱ्या कपड्यांत मिसळलेली. "शनिवारी गॅरेजवाला येतो, त्याला चिंध्या देती." ऐकून शेखरचा चेहरा पांढरा. "बाई, सगळंच्या सगळं घेऊन उद्या घरी या. डबा परत घ्या. वर काय पाहिजे ते मागा."

मी त्याला कोपराने ढोसलं. असं कुणी बोलतं का, तेही बोहारणीशी?

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिला पाहिजे. निळं पेन आहे, चालवून घेते.

नवसाबाई दोन गाठोडी घेऊन अकराला आली. खोलीत फतकल मारून बसली. मी लुगडी उपसायला लागले. चंद्रकळा! आमसुली! आईंचं सप्तशृंगीला जायचं पिवळं! एकेक हाताला लागलं की मी ओरडायची, आणि नवसाबाईही ओरडायला लागली, "हे पण? घे!" एकूण सहा. मला ठाऊक असलेली सगळी.

"सहा-सात म्हणाली होती ना उज्वला?" शेखर म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा जुन्या कपड्यांत हात घातला. उलटं-सुलटं करत राहिला. एकदम थांबला. हातात एक फिकं निळं लुगडं. पदरावर तांबडं ठिगळ.

"हे आईचं आहे."

मी कधीच पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, तू लग्न होऊन यायच्या आधीचं. आयटीआयला होतो. घरात रेडिओ जोडत बसलो होतो, सोल्डरिंगची तापलेली सळई तशीच ठेवली, आणि वाळत घातलेल्या आईच्या लुगड्याचा पदर जळला. नवं लुगडं! आईने एक थोबाडीत दिली. "नंतर ठिगळ लावलं असणार. हेच ते. बघ ना, बरोबर इथेच." ठिगळावरून अंगठा फिरवत होता. डोळे भरले होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी त्याला असा पाहिला नव्हता. माझा सगळा राग तिथल्या तिथे गेला.

मग सौदा. डबा तर तिने परत घेतलाच. "वर काय?" नवसाबाईची नजर दिवाणाकडे. "ह्याच्या पोटात काय हाय?"

शेखर उठला, स्वतः उठला!, आणि दिवाणाची फळी वर केली. पाहुण्यांच्या चादरी. पाहुण्यांच्या उशा. पाहुण्यांची ब्लँकेटं. "घ्या," म्हणाला.

"सगळं?"

"सगळं घ्या."

नवसाबाईने जाताना मलाच एक वाटी दिली वर. म्हणाली, "साहेबाला सौदा येत नाय, तूच करत जा."

११ ऑक्टोबर, शनिवार

आणि आता पाहुण्यांचं अंथरूणच नाही म्हटल्यावर दिवाण हवा कशाला? हे वाक्य माझं नाही. शेखरचं!

सुतार जयराम आला. दिवाण उभाच कापला. त्याच फळ्यांचं टेबल, मशीनच्या नेमक्या उंचीचं. नेमक्या म्हणजे शेखरच्या नेमक्या, व्हर्नियर काढायचाच बाकी होता. जयराम म्हणाला, "काका, टेबल हाय, विमान नाय." डावीकडे टेबल, समोर खिडकी, मागे कपाट, आणि मध्ये एवढी मोकळी जमीन की गोधडी पूर्ण पसरून चारी बाजूंनी फिरता येतं. मी फिरले. दोनदा फिरले. लहान मुलीसारखी गिरकीसुद्धा घेतली, कोणी बघत नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहिली शिवून झाली, उज्वलाची. मधले थर आमसुली आणि हिरव्याचे, वर डाळिंबी. सगळं ओझं टेबलावर निवांत पडून होतं, सुई सरळ रेषेत पळत होती. एकही सुई मोडली नाही! शेखर स्टीलची पट्टी घेऊन खडूच्या रेघा मारतो. मी म्हटलं, गोधडीला थोडं वाकडं चालतं. म्हणाला, "माझ्या आईच्या नाही चालणार."

१९ ऑक्टोबर, रविवार

दुसरीही झाली!! शेखरची. मधोमध निळं, तांबड्या ठिगळासकट, भोवती चंद्रकळेची चौकट. ठिगळ काढू का, विचारलं होतं. माझ्याकडे असं बघितलं की परत विचारलं नाही. कडा हाताने शिवल्या. बोटांना भोकं पडलीत. आज मी राणी आहे या घराची.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळलं. ताटात त्याने काय घालावं? लाकडी फळी, खिळ्यांच्या रांगा मारलेली. दोऱ्याची रिळं लावायला. वर पेन्सिलने लिहिलेलं, 'शिवणखोली'. आता तिला आतली खोली म्हणायचं नाही, असा हुकूम आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

उज्वला आली. गोधडी अंगावर घेऊन रडली, मग हसली, मग डाळिंबी काठ नाकाशी धरून बसली. शेखरने बोहारणीचा सगळा किस्सा स्वतःच सांगून टाकला, निळ्या लुगड्यासकट. उज्वला ऐकता ऐकता त्या ठिगळाकडेच बघत होती. मला वाटलं, रागावली.

रात्री तिला विचारलं, कुठे झोपतेस? "हितंच," म्हणाली. शिवणखोलीत, जमिनीवर, टेबलाशेजारी. शेखरही आपली गोधडी घेऊन गप्पा मारायला गेला तो तिथेच आडवा झाला. दारातून बघितलं. पाहुणे आले, आणि त्यांना झोपायला जागाही होती!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दूध तापवत होते. उज्वला ओट्याशी आली, हळू म्हणाली, "वहिनी, दादाच्या गोधडीतलं निळं आईचं नाय. मी सहाच दिली होती, काल झोपताना आठवून मोजली. ते जळकं लुगडं आईनं दुसऱ्याच दिवशी बोहारणीला देऊन टाकलं. ठिगळबिगळ काय नाय लावलं. मीच बसले होते शेजारी." मग शेगडीवरच्या जाड बुडाच्या पातेल्याकडे बोट केलं. "त्याच्यावर हे घेतलं."

दोघी शिवणखोलीच्या दारापर्यंत गेलो. शेखर अजून झोपलेला, तांबडं ठिगळ गालाखाली घेऊन. उज्वलाने आवाज न करता दार ओढून घेतलं. "झोपू दे," म्हणाली, "आईपाशी हाय."