अस्तरातली गाठ

९ जानेवारी

आज इस्त्री कोटाच्या पाठीवरच राहिली! धूर निघतोय आणि हे शेजारीच उभे राहून गुणगुणतायत. "अहो, वास येत नाही का?" — "कसला?" आणि हसले. त्याच ताग्यातलं कापड आणून पाठ मीच पुन्हा कापली, शिवली. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. कधीच कळत नाही.

१२ जानेवारी

डाव्या डोळ्याला धूसर दिसतंय म्हणाले. सुईत दोरा मी ओवून दिला. लेकीला फोन केला, तर ती ओरडली — "आई, आजच्या आज डॉक्टर!" आता मात्र झाकून भागणार नाही.

१७ जानेवारी

डोक्याच्या फोटोत संत्र्याएवढं पांढरं काहीतरी. मेनिंजिओमा. सर्जनबाईंनी कागदावर काढून दाखवलं. गाठ मेंदूची नाही, त्याच्या आवरणाची. म्हणजे कापडाला नाही, अस्तराला आलेली! बहुतेक कॅन्सर नाही. सावकाश, वर्षानुवर्षं वाढते. पण जागा वाईट, कपाळामागे. आधी वास जातो, मग माणसाचा स्वभाव बदलतो, मग डोळ्याची नस दबते.

"स्वभावात काही फरक?"

"थोडे... मोकळे झालेत."

"वास कधीपासून येत नाही?"

"झाले सहा महिने."

खोटं. तीन वर्षं झाली.

१८ जानेवारी

इथे तरी खरं लिहिते. सव्वीस वर्षं हा माणूस कापडाशी बोलेल इतकंही माझ्याशी बोलला नाही. मी काजं केली की त्यांवर बोट फिरवायचे — "वाकडं." चहा दिला की "हं." लेक हसली तरी कपाळाला आठी. सगळे मास्तर मास्तर म्हणायचे, आणि मी घरात चोरासारखी चालायचे.

आणि तीन वर्षांपूर्वी एके दिवशी मशीनवर गायला लागले! बेसूर. गिऱ्हाइकांची टिंगल, माझ्या चहाचं कौतुक. भर रस्त्यात माझा हात धरला. मी पन्नाशीची बाई, लाजले! वाटलं, उशिरा का होईना, दैव उघडलं.

मग त्यांनी एका कोटाचे दोन्ही पुढचे भाग डावेच कापले. मास्तरांनी! मी कापड बदललं आणि मूग गिळून बसले. त्यानंतर किती बाह्या, किती कॉलर उसवून शिवल्या, देव जाणे. सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांना बरं केलं असतं ना!

२४ जानेवारी

ऑपरेशनच्या कागदावर सही केली. नवऱ्याला परत करण्याची सही. कुणाला परत, तर पूर्वीच्या त्यालाच.

सर्जनबाई म्हणाल्या, "स्वभाव बराचसा पूर्वीसारखा होईल." लेक रडायलाच लागली — "आई, बाबा पहिल्यासारखे होतील!" ती लग्न होऊन लांब गेलेली. पहिल्यासारखे म्हणजे काय, ते मला विचार म्हणावं.

डाव्या डोळ्याचं विचारलं. "वर्षभर आधी आणलं असतंत तर..." पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायची गरजच नव्हती.

२९ जानेवारी

सकाळी डोकं भादरलं. हे सर्जनबाईंना म्हणतात, "आत सुई विसरू नका हं, आमच्या हिला सवय आहे!" स्ट्रेचरवरून मला म्हणाले, "परत आलो की तुला कोट शिवतो. माप नको, पाठ आहे मला."

सात तास. गाठ सगळी निघाली.

६ फेब्रुवारी

तपासणीत कॅन्सर नाही निघाला. सगळे पेढे मिळाल्यासारखे हसतायत. मी चहा नेला.

"हं."

ये रे माझ्या मागल्या!

१९ मार्च

पुन्हा दुकानात बसतात. एका डोळ्याने कापतात, तरी रेघ सरळ. वास आलेला नाही, येणारही नाही म्हणे. गाणं नाही. माझ्या कोटाचं मी विचारलं नाही, त्यांनी विषय काढला नाही. आज एका काजावर बोट ठेवलं — "वाकडं."

त्यांचा डोळा मी घालवला आणि रागही मलाच येतोय. निर्लज्ज कुठली.

२ मे

एक जुनं गिऱ्हाईक कोट सैल करायला ठेवून गेलं. यांनी अस्तर उसवलं, उजवा डोळा जवळ नेला, बराच वेळ.

"ही शिवण तुझी."

"हो."

"कोट तीन वर्षांपूर्वीचा. डॉक्टरांना सहा महिने सांगितलंस."

सगळं सांगून टाकलं. आता भडकतील म्हणून उभी राहिले. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"वास गेला, आत काहीतरी बिघडलंय, ते मला तुझ्या आधी कळलं होतं. मीच बोललो नाही."

"का?"

"तू हसायला लागली होतीस."