गाऱ्हाण्यातली रिकामी जागा

चि. भार्गवी,

तुझ्या गॉथिक मेटल बँडचा छोटा अल्बम शेजारच्या चंदनने मोबाइलवर लावला. दोन गाणी दुसऱ्यांची, एक तुमचंच जुनं, संथ केलेलं. मला तिन्ही सारखीच वाटली, विहिरीवरच्या पंपाने हवा धरल्यासारखी.

चौथं मात्र मी देवळात घालतो ते गाऱ्हाणं, तुझ्या आवाजात! आपल्या देवळात बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलेलं नाही. वर प्रत्येक ओळीनंतर नुसती शांतता. म्हटलं, रेकॉर्डिंग बिघडलं.

तुझी आई खोबरं खवत होती. त्या शांततेत ती सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा." पुढच्या ओळीलाही म्हणाली. तेव्हा समजलं, गाव जिथे होकार देतो ती जागा तू मोकळी ठेवली आहेस.

शेवटची ओळ माझ्या गाऱ्हाण्यातली नव्हे: "रागान भायर पडलेल्या लेकीक घराची वाट दाखय रे म्हाराजा."

आई खवायची थांबली. "ह्यां तुमी म्हणा."

हे पत्र टाकायला मी तळेऱ्याच्या पोस्टापर्यंत जाणार नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. जन्मभर गाऱ्हाणं मी घातलं, होकार दुसऱ्यांनी दिला.

आज मी दिला.

तुझा,
अप्पा