चालू बोर्डावर कुंकू

८ सप्टेंबर, सोमवार

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीनं शाळेला सहा कॉम्प्युटर दिले. कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा हिरवा बोर्ड. उघडा. डबी नाही, झाकण नाही. टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा आणि मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं. स्वस्त आहेत म्हणून दिले, हे देणाऱ्यानंच भाषणात सांगितलं.

जबाबदारी माझ्यावर. विज्ञानाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. माझे मराठीचे तास कमी. मुख्याध्यापक म्हणाले, ‘तुम्ही एम.ए. आहात बाई, तुम्हाला काय अवघड?’

आजपासून इथं त्यांना मु. म्हणणार. पूर्ण शब्दाची त्यांची लायकी नाही.

१२ सप्टें.

सुप्यात प्रशिक्षण. खोलीत इतका गारठा की पदर लपेटून बसले. शिकवणारा पुण्याचा, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. ‘मॅडम, ही पण लँग्वेजच आहे.’ वाद घातला नाही. जिच्यात शिवी देता येत नाही ती भाषा नव्हे.

उपयोगाचं एकच वाक्य बोलला. बोर्ड चालू असताना त्याला पाणी लागू द्यायचं नाही, ओला हातसुद्धा नाही. शाळेत येऊन मु.ना सांगितलं. ते मोबाईलमध्ये होते. ‘हां हां.’

१७ सप्टें.

आठवीचा पहिला तास. जर, तर, नाहीतर. विशेषण कुठेच नाही. निबंधांतली विशेषणं खोडणारी मी, खरं तर मला आवडायला हवं होतं.

वीज गेली. मुलं खूश. मीही.

२० सप्टें., शनिवार

आठवीतली रेणुका. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, हिला बरोबर नेतात. फडावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसून धाकट्या भावाला सांभाळायचं. परत येते तेव्हा वर्ष संपलेलं असतं. पुढच्या वर्गात ढकलतो आम्ही.

तिनं आज स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. रोमन अक्षरांत मराठी. नाव विचारतो. रेणुका लिहिलं की उत्तर येतं, ‘हजर’. दुसरं कुठलंही नाव लिहिलं की, ‘उसाला गेला’. सगळ्या वर्गानं आपापली नावं घातली. सगळे उसाला गेले. मग मु.चं नाव. तेही गेले. वर्ग हसून हसून आडवा.

शिवी देता येते तर.

२४ सप्टें.

रेणुकाची आई शाळेत आली. हातात विळा, शेतातून तशीच. ‘काय करती ही त्या टीव्हीम्होरं? घरी सारखं तेच.’ रेणुकानं दाखवलं. एक छोटा दिवा तिनं तारांनी बोर्डाला जोडला होता, तो सांगितल्यासारखा लागत होता, विझत होता. आईनं बराच वेळ पाहिलं.

‘तू सांगितलं म्हनून लागला?’

‘व्हय.’

‘मग तुझ्या बापाला सांग की, तो बी ऐकंल.’

मग माझ्याकडे वळून, ‘औंदा ठिवते हिला चुलतीकडं. पन तुमी बघायचं बाई. चुलतीला तिची चार पोरं हायेत.’

मी बरं म्हटलं. बरं म्हणायला काय लागतं.

३० सप्टें.

उद्या खंडेनवमी. मु.चं फर्मान, पूजा यंदा कॉम्प्युटरची. बोर्ड चालू पाहिजेत, टीव्ही पेटलेला पाहिजे, कंपनीला फोटो जायचा आहे. मी म्हटलं, पूजा बंद बोर्डांची करू. ‘बंद मशीनची पूजा कोण करतं? एस.टी.वाले इंजीन बंद करून हार घालतात का?’ मला वाटतं बंद करूनच घालतात. बोलले नाही.

१ ऑक्टोबर

झालं.

टेबलावर पांढरं कापड, त्यावर सहा बोर्ड, सगळे चालू. झेंडू, आपट्याची पानं. मु.नी फुलानं पाणी शिंपडलं. मग ‘बायांनी कुंकू लावा’. शाळेत बाया तीन. दोघी मागे सरकल्या. ताट माझ्या हातात आलं. सगळी शाळा रांगेत उभी होती, फोटोवाला गुडघ्यावर बसला होता. कुंकू ओलं होतं. मी लावलं. सहाही बोर्डांना, मधोमध.

आरती अर्ध्यावर आली तेव्हा टीव्ही काळा झाला. वास आला. मु. म्हणाले, ‘वीज गेली.’ वर पंखा फिरत होता.

३ ऑक्टो.

सहापैकी चार गेले. पुसून, वाळवून पाहिले. पिनांच्या मुळाशी लाल चिखल वाळला आहे.

मु.ना सांगितलं. ‘ती पोरगी तारा जोडत होती ना? तिनंच काहीतरी केलं असणार.’

‘तारा आठवड्यापूर्वी काढल्या. कुंकवानं गेले.’

‘कुंकू कोणी लावलं?’

मी जळका बोर्ड त्यांच्या टेबलावर ठेवला.

‘मग बाई, पोरीनं केलं म्हणण्यात तुमचंच भलं आहे. तुम्हाला संस्थेच्या सावेडीच्या शाखेत जायचंय ना? शिफारस माझीच लागते.’

किती वर्षं हा अर्ज करते आहे. घर शहरात, सावेडीत, नोकरी इथं गावात. सकाळी अंधारात एस.टी. हे त्यांना पाठ आहे. माणसाची नड लक्षात ठेवण्यात हा माणूस हुशार आहे. बाकी कशातच नाही.

८ ऑक्टो.

कंपनीचा माणूस आला. प्रार्थनेची वेळ. गावातली चार माणसं, सरपंच, सगळ्या शाळेसमोर मु. म्हणाले, ‘आठवीच्या एका मुलीनं खोडसाळपणा केला. आम्ही तिला समज देऊ.’ नाव घेतलं नाही. गरज नव्हती. सगळ्यांनी वळून रेणुकाकडे पाहिलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटाकडे.

१० ऑक्टो.

रेणुका दोन दिवस नाही. शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. आई चुलीपुढे. बस म्हणाली नाही.

सांगितलं. पाणी, कुंकू, माझा हात. सगळं.

‘मला म्हाईत हाय,’ ती म्हणाली. ‘पोरीनं सांगितलं तवाच. माझी पोर खोटं बोलत न्हाई.’

‘मग तिला शाळेत पाठवा.’

‘मास्तर समद्या गावाम्होरं बोलला. तुमी माझ्या चुलीम्होरं बोलताय. ह्यानं काय हुतं?’

मी चप्पल शोधू लागले.

‘आळ येतो तिथं कशाला ठिवू? फडावर निदान चोर तरी म्हनत न्हाईत. नेते बरूबर.’

रेणुका दारात होती. आत आली नाही.

१४ ऑक्टो.

सुट्टीआधीची पालकसभा. वर्ग भरलेला. रेणुकाची आई मागे, भिंतीला टेकून. मु.चं भाषण संपलं, मी उठले. 

म्हटलं, कॉम्प्युटर रेणुकानं जाळले नाहीत. चालू बोर्डावर पाणी मुख्याध्यापकांनी शिंपडलं आणि ओलं कुंकू मी लावलं. लावू नये हे मला माहीत होतं.

मग मागून कुणीतरी, ‘कुंकवानं मशीन जळतं व्हय!’ हशा. दुसरा, ‘माझ्या ट्रॅक्टरला तर दरसाल लावतो.’ सरपंच, ‘देवाचं नाव कशाला मधी आनता बाई?’

मु. हसत उभे राहिले. ‘बाईंना प्रवासाचा त्रास होतो. तब्येत बरी नसते.’

माझं खरं हशात गेलं. त्यांचं खोटं शांतपणे ऐकलं होतं याच लोकांनी. वळून पाहिलं तर रेणुकाची आई भिंतीपाशी नव्हती. कधी गेली कळलं नाही.

१६ ऑक्टो.

शिक्षकखोलीत माझ्याशी कुणी बोलत नाही. माझा कप वेगळा ठेवलेला. बरं आहे. यांच्या गप्पांत माझं कधी काही अडलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली.

२४ ऑक्टो., शुक्रवार

भाऊबीज काल झाली. सकाळी मु.चा फोन. ‘अभिनंदन बाई. सावेडी शाखा. सुट्टीनंतर तिकडेच हजर व्हा.’ हरामखोर. मला घालवायला माझंच मागणं वापरलं. अर्ज मागे घेता येतो, पण मी घेणार नाही हे त्यांना पक्कं माहीत. फोन ठेवला आणि आनंद झाला. इथं तरी तसं लिहिते. झाला. चालत जाता येईल शाळेत.

दुपारी रेणुकाच्या आईचा. मागे भांडी बांधल्याचा आवाज, कुणीतरी ताडपत्रीवरून भांडत होतं.

‘सभंत बोलल्या तुमी. हसली ती माणसं हसू द्या. आमी ऐकलं.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘पोर रडती हाय. मला न्हाई यायचं म्हनती. ठिवते मी. पन त्या मास्तरच्या जिवावर न्हाई. तुमी हाय ना दिवाळीनंतर?’

खरं सांगायचं तर एक शब्द पुरे होता. हो किंवा नाही, कुठलाही.

‘विचारून सांगते,’ म्हटलं.

‘कुनाला इचारनार? तुमचं तुमाला ठावं न्हाई व्हय?’ मग आवाज उतरला. ‘दिवस मावळायला ट्रॅक्टर निघतो, बाई. तवर कळवा.’

खिडकीतून ऊन अजून पलंगापर्यंत येतं आहे. फोन शेजारी.