खडूच्या रिंगणातले दिवे

१० ऑक्टोबर १९५६, बुधवार. सौंसर.
टण्ण्… मी शिकवायचो त्या मोहगावच्या शाळेतला, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई हातोडा हाणायचा, तो सूर पटांगण ओलांडून कपाशीत शिरायचा. पोरं घरी गेली तरी तुकडा आपल्याशीच गुणगुणायचा; तळवा टेकवला की हाताला मुंग्या. आज दुपारी झोपेत तोच ऐकला. जागा झालो तर अंगणात आमच्या वसंताची जीप. इंजिन चालू, नि बंपरवरचे दोन जादा दिवे थरथरून राहिलेले.

लष्करी लिलावातली जीप. तिचे मूळचे दिवे मिणमिणते, म्हणून पोराने जुन्या ट्रकचे दोन बंपरवर चढवले. पहाटे संत्री भरतो नि सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला. उजेड रग्गड, पण उड्या मारतो. गेल्या महिन्यात त्या उड्यांत वळण दिसलं नाही, चाक नालीत गेलं. सूनबाई कुसुम शेजारी बसलेली. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला माहेरी गेली. जाताना मला वाकून म्हणाली, “मामंजी, भांडण नाही. दिवे ठरले की सांगा, येते.”

दिवे ठरतील. नाचायचे थांबतील.

१४ ऑक्टो., दसरा.
जीप धुतली, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. ओवाळायला सून नाही म्हणून हिनेच ओवाळलं.

वसंता काल पांढुर्ण्याला जाऊन आला. सासरे शेषराव, कापसाची अडत. म्हणाले, “जावईबापू, दिवाळीच्या आत ते डबडं विका नि माझ्या गादीवर बसा. ते दारात आहे तोवर त्या घरात माझा पाय पडत नाही, नि पोरीचाही नाही.” याने मान हलवली म्हणे.
“काहून हलवली?”
“बाबा, ती नाही तं घरात करमत नाही.”
म्हटलं, दिवाळीच्या आत दिवे जागच्या जागी बसतील, मी सांगून राहिलो. विकायचं नाव नको. गादीवर बसला तर हे पोर वाळून जाईल. लहानपणीही वर्गात खिडकीजवळच बसायचा.

सोनं द्यायला आलेल्यांच्या तोंडी दुसराच विषय, नव्या राज्यांच्या वाटणीचा. नागपूर तिकडे जाणार, आपण इकडे राहणार. “गुरुजी, आता आपण कुठचे?” म्हटलं, सौंसरचे. बसा, चहा घ्या.

१७ ऑक्टो.
आमच्या ओसरीपुढेच गावशाळेची मागची भिंत. दिवेलागणीला जीप तिच्यासमोर उभी केली. उजेडाचे दोन गोल पडले. मी खडूने दोघांभोवती रिंगण काढलं. अजून हात थरथरत नाही. फळ्यावर वर्तुळ काढण्यात चाळीस वर्षं गेली. वसंताने इंजिन हळू ठेवलं, गोल आत. वाढवलं तसे उड्या मारत रिंगणाबाहेर. अजून वाढवलं तर पुन्हा बरेच शांत. म्हणजे एक ठरावीक चाल आहे, तिच्यात दिवा सापडतो. भुजंगप्रयात सुरू झाला की मागच्या बाकावरची पोरं न सांगता डोलायची, तसं. तसं बोललोही.
“बाबा, वृत्त राहू द्या. उपाय सांगा.”

उपाय आमच्या मुलखाचा. खडखड म्हटली की कापूस. बैलबंडीची दांडी वाजली, दार वाजलं, शिवणयंत्र वाजलं, कापूस कोंबा. गणपत मिस्त्री, शेजारी नि मी, कोणाचंच दुमत नाही. दिव्याच्या पायाखाली ट्यूबचं रबर, त्यावर जिनातल्या, सरकी काढलेल्या कापसाची गच्च गादी. आवाज गेला. भिंतीवरचे गोलही आत बसले. मी टाळी वाजवली. ही ओसरीवरून, “आधी रस्त्यावर नेऊन पाहा.”

१९ ऑक्टो.
रामाकोन्याच्या रस्त्याने गेलो. आवाज नाही, पण उजेड एकदा बाभळीच्या शेंड्यावर, एकदा चाकापुढच्या खड्ड्यात. पहिल्यापेक्षा वाईट. गादीवर बोल्ट आवळला जात नाही, दिवा कलंडतो, उठतो. गणपत म्हणे, “गुरुजी, आपण त्याले पाळण्यात निजवलं जी. आता तो झोके घेऊन राहिला.” हसलो दोघंही. वसंता हसला नाही.

कापूस काढून टाकला. हिने उशीला घेतला.

२२ ऑक्टो.
संत्र्याच्या बागेत. आंब्या बहाराच्या फळांनी फांद्या वाकल्या, तिथे गड्याने बांबूचे टेकू दिलेत. वारा आला. बिनटेकूची फांदी संत्र्यांसकट हेलकावे घेऊ लागली. टेकूवालीची फक्त पानं. किती वेळ पाहत बसलो कोण जाणे, शिदोरी मुंग्यांनी खाल्ली.

दिवा म्हणजे काय? लांब देठावरचं जड संत्रं. एका बोल्टवर उभं, डोकं वर. मऊ काही नको त्याला. देठ आखूड करा नि टेकू द्या. घरी येईस्तोवर चालीवर म्हणत आलो. चाल कोणती ते लिहीत नाही, ही वाचते.

२५ ऑक्टो.
गणपतच्या भात्याशी दिवसभर. देठ कापून बोटाएवढं केलं. टेकूसाठी सळई ठोकली. मग वाद, तिचं दुसरं टोक कुठे? मी म्हटलं बंपरला. तो म्हणे बंपर हालला तर टेकू नि दिवा संगंच नाचतील. इंजिन चालू करून मी बंपरच्या टोकाला तळवा लावला. मुंग्या आल्या. पातळ पत्रा, आतून वाजतो. बरं, मग टोक थेट गाडीच्या सांगाड्याला. तो म्हणे, “मग बॉनेट कसं उघडनार जी?” म्हटलं, सळई कायमची कशाला ठोकतोस, बोल्टवर ठेव, काढली की निघेल. मान्य. बंपरच्या पाठीला जाड लोखंडी पट्टी त्याच्या डोक्यातली. छान आहे ती.

२८ ऑक्टो., रवि.
बसवलं. भिंतीवर नवी रिंगणं. हळू, मध्यम, जोरात. गोल आतच. मधल्या चालीत कडेला किंचित कापरं उरलं. ही म्हणाली, “तुमच्या हनुवटीला येतं तेवढं.” गणपतने स्प्रिंगचं वायसर नि वरून दुसरा नट चढवला. तेही गेलं.

मग रामाकोन्याचा रस्ता. पुलाचा दगड न् दगड दिसला. खड्डा आला की गाडी उसळे, उजेडही तिच्यासोबत वरखाली, ते चालायचंच. पण थरथर नाही. वसंता एकदम म्हणाला, “बाबा, डोळे दुखून नाही राहिले.” इतकंच. मला पुरे.

पांढुर्ण्याला जाणाऱ्या गाडीवानाजवळ निरोप, दिवे ठरले.

३१ ऑक्टो.
निरोपाला उत्तर नाही. सावनेरचा एक गृहस्थ विकत घ्यायला म्हणून जीप पाहून गेला. वसंतानेच बोलावलेला, दसऱ्यानंतर. उद्या संध्याकाळी पक्कं करू म्हणाला. जाताना दिव्यांची तारीफ केली. माणूस वाईट नाही.
वसंताला म्हटलं, थांब. तो म्हणे, “उद्या संध्याकाळपावतो थांबतो.”
कुसुम येईल. मला शंका नाही. हिला आहे, म्हणून करंज्या थोड्याच केल्या.

१ नोव्हें., गुरु.
आजपासून नवं राज्य. राजधानी भोपाळ. पहाटे अंगण होतं तेच होतं. वसंता टोपल्या चढवून राहिला होता, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. उघडलं तर शेषराव. कानाला मफलर, हातात काठी. काल जामसांवलीच्या धर्मशाळेत मुक्काम, तिथून बंडीने.

“या, आत या.”
“आत नाही येत, गुरुजी. शब्द आहे माझा. गाडीत बसतो. गाडीचा शब्द कुठं दिला होता?”
“कुसुम?”
“तिनंच धाडलं. म्हणे, मामंजी कवितेतून पाह्यतात, त्यांचं अर्धं धरा. बाबा, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी घाट पाहून या.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. हिने चहा उंबरठ्याबाहेर नेऊन दिला, त्यांनी उभ्यानेच घेतला. वसंता हँडल मारत होता, सासऱ्याकडे न पाहता. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

पुढे चढून बसताना काठी आडवी येऊ लागली. माझ्या हातात दिली. “ठेवा. उतरल्यावर घेतो.”

गाडी गेली. काठी घेऊन ओसरीवर बसलोय. घरात ठेवायची की बाहेरच, ते विचारायचं राहिलं.